फेरे कशाभोवती?

माझ्या बाबांनी आयुष्यात किती लग्नं लावली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. गिरणीत ते साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. पाळीवरून आले की अंगावरचा कापूस झटकत न्हाणीत शिरायचे, आणि उन्हाळा असला तर लगेच धुतलेला पांढरा सदरा घालून, काखेत निळ्या पुठ्ठ्याची वही मारून बाहेर पडायचे. त्या वहीत त्रिशरण, पंचशील, मंगल गाथा आणि नवरा-नवरीने एकमेकांना द्यायची वचनं त्यांनी स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतली होती. दीक्षा घेतल्यावर जुनं सगळं सोडलं, देव्हारा उचलून नदीत दिला, पण पोरींची लग्नं तर लागायलाच हवीत! वस्तीत धड वाचता येणारी माणसं दोन-तीन, त्यात आवाज चांगला बाबांचाच, म्हणून हे काम त्यांच्याकडे आलं. लग्न असायचं साधं. टेबलावर बुद्धाची मूर्ती, दोन मेणबत्त्या, उदबत्ती. पांढऱ्या लुगड्यातली नवरी. वचनं झाली, हार घातले की बाबा मांडवाकडे वळून विचारायचे, "तुम्ही सगळे साक्षीदार आहात ना?" आणि साऱ्या मांडवातून "साधु, साधु, साधु" असा आवाज उठायचा. मग फुलं उधळायची आणि जेवायला बसायचं. ना होम, ना हवन, ना फेरे.

माझी मोठी बहीण कौसल्या, आमची कौसाताई, हिचं लग्नही बाबांनीच लावलं. घरात त्यावरून महिनाभर धुसफूस चालली होती, कारण मायला हळद हवी होती. माय म्हणायची, "हळदीनं कोणाचा धरम बाटते का? पोरगी काय अशीच पांढरीफटक पाठवू?" बाबा म्हणायचे, "जे सोडलं ते सोडलं." शेवटी लग्नाच्या सकाळी मायने आंघोळीच्या पाण्यात चिमूटभर हळद टाकलीच. बाबांना वास आला, त्यांनी नाक वर केलं, आणि मायने चुलीकडे तोंड फिरवलं. मला त्या लग्नातलं जेवण फार आठवतं. आलू-वांग्याचा लालभडक रस्सा, वर सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरलेला, मोठ्या गंजात वरण, आणि बुंदी. आचारी म्हणजे शेजारचेच दोघं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. बुंदीच्या टोपल्यापासून हलत नव्हते, म्हणून मला हाकलायला मेणबत्त्यांवर लक्ष ठेवायचं काम दिलं. वारा आला की हाताचा आडोसा करायचा. त्यामुळे ते लग्न मी सगळ्यात जवळून पाहिलं. कळमेश्वरचा वामन, म्हणजे आमचे भाऊजी, वचनं म्हणताना अडखळत होते आणि बाबा त्यांना हळूच पुढचा शब्द सांगत होते.

बाबांचा कायद्यावर विश्वास होता. असा विश्वास मी पुढे कोणात पाहिला नाही, देवभक्तातही नाही. पूर्वी वस्तीतली भांडणं जातपंचायतीपुढे जायची. पंच म्हणतील ते खरं, मग बाईला नाक घासायला लावोत की दंड करोत. दीक्षेनंतर बाबांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी ती पंचायतच मोडली. "आता आपल्यासाठी कायदा आहे," ते सांगायचे. "पंचाचं तोंड पाहून नाही, कागद पाहून न्याय होते." मायला ते कधी पटलं नाही. ती म्हणायची, पंच निदान आपली भाषा बोलत होते.

लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील. मे महिन्यातल्या एका दुपारी मी ओट्यावर अंबाडी निवडत होते. वस्ती तापून नुसती रटरटत होती. कौसाताई पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन एकटी येताना दिसली. तिचं बाळ आदल्या वर्षी गेलं होतं, त्यामुळे कडेवर कोणी नव्हतं. मला वाटलं, आराम करायला आली. तिने पेटी खाली ठेवली, माठातलं पाणी प्यायली, आणखी एक पेला प्यायली आणि मायला म्हणाली, "त्यानं दुसरी आणली. मी त्या घरात नाही राहत आता." माय कपाळावर हात मारून बसली. "अवं माय वं, दिवस काय पाहाले लावून राहिली तू मले!" म्हणजे बोलणी खायची होती तीही लेकीनेच. मला तेव्हा मायचा राग आला होता. आता मी तिच्याहून म्हातारी आहे, तरी तो पुरता गेलेला नाही.

वस्तीतले चार मोठे लोक कळमेश्वरला गेले. वामन भाऊजी तिथल्या कारखान्यात कामाला होते. त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. घरात घेणार नाही म्हणाले, पोटगी देणार नाही म्हणाले, वर "कोर्टात जा" म्हणाले. बाबांना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. ते आम्हाला म्हणाले, "कोर्टातच जातो. बरं झालं त्यानं तोंडानं सांगतलं." दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ते शहरातल्या सदर भागात वकिलाकडे गेले आणि पोटगीचा अर्ज लागला. कौसाताईला बायको म्हणून तिचा हक्क मिळायचा होता, एवढंच. दोन-तीन तारखांत काम होईल असं आम्ही धरून चाललो होतो.

वामन भाऊजींनी उत्तरात लिहून दिलं की ही माझी बायकोच नाही. लग्न झालंच नाही. कायद्याप्रमाणे सप्तपदी लागते, ती झालेली नाही. ही बाई माझ्याकडे राहत होती, बस. ज्या माणसाला बाबांनी एकेक शब्द सांगून वचनं म्हणवली, त्याने हे लिहून दिलं! वकिलाने ते वाचून दाखवलं तेव्हा मीही तिथे होते, कारण साक्षीसाठी बाबांबरोबर माझं नाव दिलं होतं. मेणबत्त्यांपाशी मीच उभी होते ना. वकिलाचं ऑफिस एका शिंप्याच्या दुकानावर होतं, खालून मशिनीचा खडखडाट यायचा. माणूस वाईट नव्हता. त्याने बाबांना खुर्ची दिली, मला स्टूल दिलं आणि मग समजावून सांगितलं की लग्नाच्या कायद्यात बौद्धांना हिंदूंमध्येच धरलंय. एक तर सप्तपदी हवी, नाही तर त्या समाजाची रूढी दाखवायला हवी.

"मग दाखवू ना रूढी," बाबा म्हणाले. "आम्ही सारे असंच लग्न लावतो."

"रूढी जुनी लागते, दादा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. तुमची किती जुनी?"

"दहा-अकरा वर्षं."

वकील चष्मा पुसत म्हणाला, "कोर्ट त्याला रूढी म्हणेल की नाही, शंका आहे."

बाबा म्हणाले, "जुनी म्हणाल तर आमची एकच रूढी होती, साहेब. गावच्या विहिरीले हात लावायचा नाही. थे पिढ्यान्‌पिढ्याची होती. थे लिहून देऊ काय?"

वकील हसला नाही. तो म्हणाला, साक्षीत नुसतं सात फेरे झाले म्हणा, अर्ध्या तासात काम होतं, सगळेच म्हणतात. बाबा उठून उभे राहिले. "ज्या तोंडानं पंचशील म्हणतो त्या तोंडानं हे म्हणू? आणि मी एवढी लग्नं लावली, त्या साऱ्या बायकांचं काय करू?" शेवटी वकिलाने रूढीवरच लढायचं कबूल केलं, पण त्याला भरवसा नाही, हे चेहऱ्यावरून दिसत होतं.

इथे मला थोडं थांबून बोलू द्या, नाही तर माझा जीव शांत होणार नाही. त्याच काळात आमच्या वस्तीतला एक हुशार मुलगा दिल्लीच्या नोकरीसाठी राखीव जागेचा अर्ज घेऊन गेला होता. त्याला सांगितलं, तुम्ही बौद्ध, तुम्ही हिंदू नाही, म्हणून ही सवलत तुम्हाला नाही. म्हणजे द्यायची वेळ आली की आम्ही हिंदू नाही, आणि बाईचं लग्न मोडायची वेळ आली की आम्ही हिंदू! अरे, एक काहीतरी ठरवा ना! माझी नात आज मिहानला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती म्हणते, आजी, किती वर्षं तेच तेच सांगतेस. सांगते. कारण तेव्हा आमचं कोणी ऐकून घेतलं नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी बाबा गिरणीत होते. कौसाताई आत भाकरी थापत होती. मायने मला ओट्याच्या कडेला ओढलं. "सुजे, उद्या तुले विचारतील. सात फेरे झाले म्हणून सांगजो. बस, एवढंच."

"पण बाबा तर..."

"बाबाले आपला धरम पायजे, मले माही पोरगी पायजे. तू काय मोठी हरिश्चंद्राची अवलाद लागून गेली का? तिले उद्या लोकाच्या दारात पोतेरं करून ठेवतील, मंग कोन तुहं पंचशील येईल तिले भाकर द्याले?"

मी सोळा वर्षांची होते. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी हो म्हटलं. कौसाताईला विचारावं असं ना मायच्या मनात आलं, ना माझ्या.

कोर्टात पंखा फिरत होता, पण वारा फक्त जज्जसाहेबांना लागत होता. आधी कौसाताईची साक्ष झाली. ती म्हणाली, "मी त्याच्या घरी चार वर्षं राहिली, त्याच्या मायचं हगणं-मुतणं काढलं, माहं लेकरू त्याच्याच वावरात पुरलं." साहेब मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तो प्रश्न नाही." ती म्हणाली, "मंग कोणता हाय?" आणि लोक हसले. मग बाबा. त्यांनी निळी वही बरोबर आणली होती, पण वही कोणी हातात घेतली नाही. फेरे झाले का, विचारल्यावर त्यांनी स्वच्छ सांगितलं, "नाही. आमच्यात नसतात. आम्ही वचनं देतो, सारे लोक साक्षीदार राहतात, ते आमचं लगन." त्यांचा आवाज मांडवात यायचा तसाच खणखणीत आला. आमच्या वकिलाने मान डोलावली. साहेबांनीही काहीतरी लिहून घेतलं. मी बाहेर बाकावर बसले होते, त्यामुळे यातलं तेव्हा मला काहीच ऐकू आलं नाही, सगळं मागून कळलं. साक्षीदाराला आत बसू देत नाहीत, हेही मला तेव्हाच कळलं.

मग माझा पुकारा झाला. आमच्या वकिलाचे प्रश्न सरळ होते. लग्नाला होतीस का, काय काय पाहिलंस. मी भीतभीत सांगितलं आणि शेवटी, त्याने विचारलेलं नसताना, म्हणून टाकलं, "आणि सात फेरे झाले." आमच्या वकिलाचं तोंड उतरलं. मला वाटलं, तो घाबरटच आहे. मग वामन भाऊजींचा वकील उठला. फार गोड बोलायचा.

"फेरे कशाभोवती घेतले, बेटा?"

अग्नीभोवती, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. बाजूच्या मोहल्ल्यातली लग्नं मी पाहिली होती. पण बाबा आता आत, मागच्या बाकावर बसले होते. त्यांच्यादेखत, त्यांनी लावलेल्या लग्नात होम होता, असं म्हणायला माझी जीभ उचलेना. आणि मायला दिलेला शब्दही मोडवेना. मी माझ्या अकलेने मधली वाट काढली. मी म्हटलं, "मेणबत्तीभोवती."

सगळं कोर्ट हसलं. दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा हसला.

"किती मेणबत्त्या होत्या?"

"दोन."

"मग एकीभोवती घेतले की दोन्हींभोवती?"

वामन भाऊजी खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होते. साहेबांनी हातातला पेन खाली ठेवला आणि बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बाप म्हणतो फेरे झालेच नाहीत, मुलगी म्हणते मेणबत्तीभोवती झाले. त्यांनी दुसरी तारीख दिली.

कोर्टातून घरी आम्ही चालत आलो. बाबा पुढे, कौसाताई मध्ये, मी मागे. घरी येऊन बाबांनी पाय धुतले, वही फळीवर ठेवली आणि मगच माझ्याकडे वळले. "काहून केलं तू असं?" मायने सांगितलं, असं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही. उलट मीच तडकले. "तुमच्या खऱ्यानं तरी काय होणार होतं? वकील नाही म्हणाला का, रूढी जुनी पायजे म्हणून?" बाबा म्हणाले, "हरलो असतो तर खरं बोलून हरलो असतो." तेव्हा कौसाताई, जी दिवसभरात कोर्ट सोडून कुठे तोंड उघडून बोलली नव्हती, ती कडाडली. "हरलो असतो म्हणता तुम्ही! तुम्ही कसे हरता? नवरा माहा गेला. एकाले आपलं खरं पायजे, एकीले आपलं खोटं पायजे. मले कोणी एका शब्दानं इचारलं का, का बाई तुले काय पायजे?" चुलीपाशी माय रडत होती. मी विचारलं, काय हवं होतं तुला. ती म्हणाली, "आता काय करते इचारून," आणि आत गेली.

निकाल विरुद्ध लागला. लग्न झाल्याचं सिद्ध होत नाही. माझ्या खोट्यामुळे गेलं, की तसंही जाणारच होतं, हे मी नंतर तीन वकिलांना विचारलं. तिघांनी तीन उत्तरं दिली. त्याचा मला आजही संताप येतो, कारण निदान माझा दोष किती, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

बातमी वस्तीत पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी नळावरच्या बायका आमच्या दारात. एक म्हणे, "अजी मामाजी, म्हणजे आमचं पण लगन कच्चं हाय का?" दुसरी थट्टेने म्हणाली, "मंग मी माह्या बुढ्याले आजच काढते घराबाहेर, सुटली मी!" सगळ्या खिदळल्या, पण खिदळून झाल्यावर कोणी घरी जाईना. त्याच आठवड्यात शेजारच्या गल्लीतला एक मुलीचा बाप आला. हळू आवाजात म्हणाला, "लगन आपल्याच पद्धतीनं लावा जी, पण मांगं कोपऱ्यात एक लहानशी शेगडी पेटवून सात चकरा मारून घेऊ. कोर्टापुरत्या." बाबांनी त्याला दार दाखवलं. मग स्वतःच मागे धावत जाऊन त्याची माफी मागितली आणि म्हणाले, "पोरीच्या बापाचं काही चुकत नाही. नोंदणी करून घे बाबा, सरकारी कागद करून घे, मंग मी येतो." तेव्हापासून आधी नोंदणी, मग वही, असा त्यांनी नियमच केला. ते म्हातारे होईपर्यंत लग्नं लावत राहिले. मात्र "आता आपल्यासाठी कायदा आहे" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

कौसाताई बालवाडीत सेविका झाली. दुसऱ्या लग्नासाठी तिला दोन स्थळं आली. दोन्हीकडच्यांनी मागे पाय घेतला, कारण ती नवऱ्याने टाकलेली होती. कोर्टात तिचं लग्नच झालेलं नव्हतं, पण वस्तीत ते कोणी विसरायला तयार नव्हतं. बाबा गेले, मग माय गेली. मी शिक्षिका झाले, माझं लग्न झालं, मुलं झाली, आणि कौसाताई माझ्याकडे राहायला आली.

माझा धाकटा तेव्हा शाळेत होता. एका सकाळी कळमेश्वरहून तिघं जण आले, वामन भाऊजींचा चुलत भाऊ, त्यांची बहीण आणि आणखी एक म्हातारा. भाऊजी रात्री वारले होते. बहीण म्हणाली, "वहिनी, चाल वं. पहिली तूच. मातीले तुले यावंच लागते. बांगड्या, मणी, सारं तिथंच करू." अशा आवाजात, जणू काल-परवाच ताई माहेरी आली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईने मला हाताने थांबवलं. तिने पत्र्याची पेटी उघडली आणि निकालाची नक्कल काढून माझ्या हातात दिली. इंग्रजीतला कागद, तिने कधी न वाचलेला. "यांना वाचून दाखव. मराठीत सांग. जोरानं."

मी वाचलं. दोघांमध्ये कायदेशीर विवाह झाल्याचं सिद्ध होत नाही.

"ऐकलं?" ताई म्हणाली. "जिचं लगनच झालं नाही, तिले विधवा करायले कसे आले गा तुम्ही? जा. जिले बायको म्हणून ठेवलं तिच्या बांगड्या फोडा." बहिणीने बोटं मोडली, म्हाताऱ्याने तोंड फिरवलं, आणि ते गेले.

मला वाटलं, जिंकली माझी बहीण. मी चहा टाकायला उठले. ती मात्र तिथेच पेटीपाशी बसून राहिली. चहा निवला.

"किती वाजता नेतील वं त्याले?"

"चार म्हणाले."

"माह्या हातची भाकर लागे त्याले. दुसऱ्याच्या हातची खात नव्हता." मग तिने कागदाकडे बोट दाखवलं. "सुजे, चार वर्षं मी त्याच्या घरी भाकरी थापल्या, थे तरी लिहिलं आहे का वं त्याच्यात कुठं?"

मी पानं उलटली. दुसऱ्या पानावर, खालच्या बाजूला, ते होतं.

"आहे ताई," मी म्हटलं. "तू त्याच्याकडे राहून स्वयंपाक करत होतीस, एवढं सिद्ध झालंय."